पायावर पाणी

(दिवेलागणीची वेळ. महानंदाच्या घराचा ओटा. ती दारात, सिद्धलिंग ओट्याच्या पार कडंला.)

महानंदा : तिथंच बसा. उंबऱ्याच्या आत पाय न्हाई टाकायचा.

सिद्धलिंग : मेल्यापासून एकदा तरी टाकला का गं?

महानंदा : मेल्यापासून न्हाई. जित्तेपणी टाकला, मला बघायला आलतात तवा. चार लाडू खाल्ले.

सिद्धलिंग : पाच. एक खिशात घातलता.

महानंदा : आन् हळद लागायच्या आधी हिरीच्या दरडीखाली गेलात. गाव मला पांढऱ्या पायाची म्हणून राहिलं ते आजवर.

सिद्धलिंग : माझे उलटे, तुझे पांढरे. जोडा लई ब्येस जमला असता.

महानंदा : उलट्या पायाचं कवतिक ऱ्हाऊ द्या. शेजारचा मलप्पा ते माग बघून बावचळलाय. पावलं आधी गोठ्यातून गेलेली दिसत्यात, मागून आत आलेली. दिसभर कडब्यात चोर हुडकून राहिला.

सिद्धलिंग : हुडकू दे. त्याच्या देवणी बैलाचे दोन घोट घेतले काल. नुस्ती कातडी उरली दुस्काळानं. लाज वाटली, माफी मागून आलो.

महानंदा : मलप्पाची?

सिद्धलिंग : बैलाची.

महानंदा : लिंगायताच्या पोटी जल्मून रगत पिता. आमच्यात आंगणात अंड्याचं टरफल दिसलं तरी सारवून काढत्यात.

सिद्धलिंग : माझी हौस हाय का? मातीत बसवताना गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवत्यात सगळ्यांच्या. माझं गुरुबसप्पानं चांदीच्या डबीपायी काढून घेतलं. सख्खा भाऊ! मंग कशी लागंल झोप?

महानंदा : डबी गळ्यात घालून मिरवतोय.

सिद्धलिंग : भेटलो त्याला एकदा, बांधावर. धोतर तिथंच टाकून पळाला.

महानंदा : त्ये धोतर तुमी टाकलतं व्हय वडाच्या शेंड्यावर! ...हसवू नका. आज तोंड कामून पडलंय, ते सांगा.

सिद्धलिंग : काय न्हाई.

महानंदा : सांगा म्हणते ना.

सिद्धलिंग : लातूर जिल्हा झालाय ना आता. तिकडं जायची नवी सडक आमच्या मसणवटीतून हाय. मुकादमानं चुना मारला, नेमका माझ्या डोस्क्यावरून. सकाळी खंदणार.

महानंदा : मंग?

सिद्धलिंग : उन्हात उघडा पडलो की राख.

महानंदा : दुसरीकडं उकरा की!

सिद्धलिंग : उकरलं. भुई दगड झालीया, हे बघ, नखं गेली. मी फकस्त सांगायला आलो. उद्या ओट्यावर दिसलो न्हाई, तर रुसला म्हणू नको.

महानंदा : गप बसा. ...माझ्या आतल्या आंगणात पेव हाय.

सिद्धलिंग : जवारीचं?

महानंदा : जवारी कुटली आता? रिकामं हाय. खाली उजेड पोचत न्हाई. माणूस उतरला की दम कोंडून मरतंय.

सिद्धलिंग : त्ये माझं झालंय एकदा.

महानंदा : म्हणून तर सांगून राहिले.

सिद्धलिंग : पन आंगण उंबऱ्याच्या आत. तुझ्या हातचं पाणी पायावर पडल्याबगर मला आत येता येत न्हाई. आन् तू रोज म्हणतीस, पाणी न्हाई.

महानंदा : न्हाईच की. दुस्काळ हाय.

सिद्धलिंग : हीर काठोकाठ भरली त्या वर्सीबी तेच म्हणालीस.

महानंदा : ...भ्या वाटत होतं.

सिद्धलिंग : आता?

महानंदा : आताबी वाटतंय. माझी केसं पिकली, तुमी हायत तसेच. लोक धाकटा भाऊ म्हणतील. आन् भूक अनावर झाली तर?

सिद्धलिंग : भुकेचा भरवसा मी देत न्हाई, नंदे. तुला खोटं बोलणार न्हाई. पेवाच्या तोंडावर दगड ठेव, मला उचलंना असा.

महानंदा : तसला दगड मला उचलतोय व्हय? तुमालाच आणावा लागंल.

सिद्धलिंग : आणतो. ...तुझ्या हातातल्या तांब्यात काय हाय?

महानंदा : पाणी.

सिद्धलिंग : हे प्यायचं हाय. टँकर अजून आला न्हाई.

महानंदा : व्हय.

सिद्धलिंग : घरात दुसरं हाय का?

महानंदा : पाय पुढं करा.

सिद्धलिंग : माझ्या टाचा येत्यात पुढं.

महानंदा : टाचा तर टाचा. करा.