आधी गाव सांग

तुम्ही हसा, पण त्या दिवशी मी हट्टालाच पेटलो होतो. लालबागला सुहासच्या घरी बसून त्यांच्या मंडळाच्या एलईडी पट्टीचा प्रोग्राम लिहीत होतो. पट्टीवर 'आरती सात वाजता' सरकायला हवं होतं, आणि सरकत होते नुसते चौकोन.

सुहास म्हणाला, "इंग्रजीत टाक ना रे, कोण बघतंय!"

"लालबागच्या गल्लीत? पट्टी फोडेन, पण इंग्रजीत टाकणार नाही."

भानगड अशी, की इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, मराठीला तीन लागतात. ते मोजायला सी भाषेत एमबीलेन नावाचं तयार फंक्शन आहे. मी त्याला 'आ' दिला, तर उत्तर उणे एक. म्हणजे हे अक्षरच नाही! परत दिला, परत तेच.

तेवढ्यात सुहासची आई चहा घेऊन आली. मला पहिल्यांदाच बघत होती. "गाव खंयचा रे तुझा?"

"मावशी, एक मिनिट..."

"आदी गाव सांग, मगे चाय घे."

आणि माझी ट्यूब पेटली. प्रोग्रामच्या सुरुवातीला सेटलोकेल लिहून आपला मुलूख, आपली भाषा सांगावी लागते. नाहीतर सी इंग्रजीपलीकडे कुणाला ओळखतच नाही. ती एक ओळ टाकली. 'आ'चं उत्तर आलं तीन, आणि पट्टीवर आरती झोकात सरकली.

"मावशी, मी त्याला गावच सांगितलं नव्हतं!" असं ओरडत मी कपाला हात घातला.

मावशीने कप मागे घेतला. "तेका सांगलंस. माका खंय सांगलंस?"