लॅबच्या फॉर्मवरचं नाव

आदरणीय भंतेजी, आप्पा, संगीतावहिनी, आणि विहारात जमलेल्या सगळ्यांना माझा जय भीम, नमस्कार.

मी वर्षा. मिलिंददादांसोबत ऑफिसात काम करते. करत होते, असं म्हणायचं का, ते मला अजून कळून न्हाई राह्यलं. खरं सांगते, हा माईक कोणाच्या तरी हातात द्यावा अन् खाली जाऊन बसावं असं वाटतंय. पण वहिनी म्हणल्या, "वर्षा, तू बोल. ते दिवसभर कॉम्प्युटरवर काय करत होते, आमच्यातल्या कोणालाच नीट माहीत न्हाई." म्हणून उभी राह्यले. लिहून काही आणलेलं न्हाई. घरात बोलते तसंच बोलणार आहे, सांभाळून घ्या.

कसं झालं ते तुम्हाला माहीतच आहे. दादा सकाळी ऑफिसात आले, बॅग ठेवली, छातीत दुखतंय म्हणले. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीतला माणूस. चहासुद्धा घेतला नव्हता. मला रडू कमी अन् राग जास्त येऊन राह्यला. कोणाचा राग, ते विचारू नका.

दादा काय करत होते ते सांगते.

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाण्याच्या कंपनीनं सॉफ्टवेअर विकत घेतलं. मोठं, बाहेरून आणलेलं. त्यात एकच फॉर्म, अन् तोच सगळ्यांना. शेतकऱ्याचं नाव, गाव, बँकेचा खाते नंबर, गाडीचा नंबर, वजन, ओलावा, उगवण, सगळं एकाखाली एक. स्क्रीन खाली ढकलता ढकलता बोट दुखायचं. काट्यावर एक चाचा आहेत, गाड्या वजन करतात. ते दादांना म्हणले, "बेटा, इसमें मेरे काम का कित्ता है?" दादा म्हणले, "दोन रकाने." "तो बाकी का मैं क्या करूं?"

तिथून दादांचं काम सुरू झालं. नोंद एकच, पण प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच दिसायची. काट्यावर गाडी अन् वजन. अक्षरं मोठी, कारण चाचांचा चष्मा जाड. हिशेबवाल्यांना पैशाचं. फिल्डवरच्या पोरांना मोबाईलवर प्लॉटचं. ऐकायला सोपं वाटतं न्हाई? ऑफिसात बसून केलं तर सोपंच आहे. पण दादा ऑफिसात बसून करायचे न्हाईत. ज्याचा फॉर्म करायचा त्याच्या बाजूला जाऊन बसायचे. दिवस दिवस बसायचे. त्या माणसाचा हात आधी कुठं जातो, नजर कुठं थांबते, ते बघायचे. मी चिडायचे. म्हणायचे, "दादा, त्यांना फोनवर विचारा ना काय पाहिजे." दादा म्हणायचे, "विचारल्यावर माणूस जे करायला पाहिजे ते सांगतो. करतो ते सांगत न्हाई."

असेच ते लॅबमध्ये जाऊन बसले.

इथं मला थोडं जपून बोलावं लागणार आहे. लॅबचे मुकुंदकाका इथंच बसलेत. काका, मी तुम्हाला विचारून बोलतेय, ते सगळ्यांना कळू द्या. काल मी काकांच्या घरी गेल्ते. काका म्हणले, "सांग. मिलिंदच्या शोकसभेत खोटं कशाला बोलायचं?"

लॅबमध्ये काय होतं? शेतकरी बी आणतो. त्यातलं मूठभर ट्रेमध्ये लॅबला जातं. तिथं ओलावा बघतात, अन् ओल्या कागदात गुंडाळून उगवण बघतात. उगवण कमी आली तर माल पडला. वर्षाची मेहनत परत घरी. अन् ट्रेवर चिठ्ठी असायची, शेतकऱ्याचं नाव, आडनाव, गाव.

दादांनी बघितलं की ट्रे आला की काकांचा हात आधी चिठ्ठीवर जातो. "कोणत्या गावचा? कोणाचा?" आपल्याकडं हे आपण सगळेच विचारतो. चहा पाजायच्या आधी विचारतो. मंग ट्रे ठेवला जायचा. ओळखीचा उजवीकडं, बिनओळखीचा डावीकडं. आता ओळखीचा म्हणजे कोण, अन् बिनओळखीचा म्हणजे कोण, हे या विहारात मी फोड करून सांगायची गरज आहे का? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

काका खोटा आकडा लिहीत होते का? न्हाई. कधीच न्हाई. मी छातीवर हात ठेवून सांगते. फरक इतकाच होता. उजवीकडच्या ट्रेची उगवण थोडक्यात कमी भरली, की काका म्हणायचे, "एकदा परत लावू." परत लावलं की पुष्कळदा पास व्हायचं. डावीकडच्या ट्रेची उगवण तेवढ्याच थोडक्यात कमी भरली, की काही म्हणायचे न्हाईत. लिहून टाकायचे. त्यांच्या मनातसुद्धा नसायचं की आपण काही केलं. नियम कोणताच मोडला न्हाई, फक्त परत लावायचं सुचलं न्हाई.

दादांनी भांडण केलं न्हाई. मी असते तर केलं असतं. दादा ऑफिसात आले, पाणी प्यायले, अन् लॅबचा फॉर्म करायला बसले. नाव काढलं. आडनाव काढलं. गाव काढलं. चिठ्ठीवर फक्त लॉट नंबर. अन् उगवण थोडक्यात कमी आली, की फॉर्म स्वतःच म्हणणार, परत लावा. प्रत्येकाला म्हणणार. मॅनेजर साहेबांनी तेव्हा खुशीनं मंजूर केलं, रकाने कमी झाले, काम जल्दी होईल म्हणून. साहेब, हसू नका, तुम्ही असंच म्हणले होते.

मुकुंदकाकांना मात्र बराबर कळलं. ते दादांना म्हणले, "तू मला चोर ठरवलं." दादा म्हणले, "काका, चोर ठरवायचं असतं तर तक्रार केली असती." पण काका बोलायचे बंद झाले. लॅबमध्ये दादा गेले की काका खिडकीकडं तोंड करून उभे राहायचे. दादा घरी येऊन जेवायचे न्हाईत, हे वहिनींनी मला सांगितलं.

आता इथंच गोष्ट संपली असती तर मी दादांचं कौतुक करून खाली बसले असते. शोकसभेत तेच करायचं असतं. पण तसं झालं न्हाई.

काकांची अजून एक सवय होती. बी ओलं आलं की ते चिठ्ठीवरचं नाव बघून शेतकऱ्याला फोन लावायचे. "घेऊन जा बाबा, दोन ऊन दाखव अन् परत आण." हा फोन ते सगळ्यांना करायचे. हो, सगळ्यांना. डावीकडच्यांनासुद्धा. माणूस असा एका रंगाचा कुठं असतो? नाव गेलं, तसा हा फोनही गेला. काकांनी ओलावा लिहायचा, पुढं तो ऑफिसच्या फॉर्मवर दिसायचा, अन् ऑफिसात तो रकाना कोणी बघतच नव्हतं. दादांच्या हे ध्यानात आलं न्हाई. लॅबमध्ये इतके दिवस बसले, पण ते दिवस उन्हाचे होते. ओलं बी आलंच नव्हतं.

मंग आभाळाचे दिवस आले. परतूरहून भेंडीचं बी आलं. वाळवायला ऊन मिळालं नव्हतं. काकांनी ओलावा लिहिला. कोणी कोणाला कळवलं न्हाई. पोती गोदामात तशीच राह्यली, बी तापलं, उगवण थोडक्यात कमी भरली. फॉर्म म्हणला, परत लावा. परत लावलं. पुन्हा पडलं.

ते बी आप्पांचं होतं, दादांच्या वडिलांचं.

आप्पा, मी बोलू ना? आप्पांनी मान हलवली.

आप्पा त्या दिवशी थेट ऑफिसात आल्ते. टोपी हातात. सगळ्या स्टाफसमोर दादांना म्हणले, "तुझ्या फॉर्मनं माझा माल पाडला. मुकुंदनं मला फोन केला असता." दादा खुर्चीतून उठून उभे राह्यले. बापासमोर काय बोलणार? आप्पा गेल्यावर मी म्हणले, "दादा, नाव उघडून टाका. काय मिळवलं आपण? घरचंच माणूस मारलं." दादा म्हणले, "नाव उघडलं की फोन परत येईल. ट्रेसुद्धा परत डावीकडं जातील. मला फोन पाहिजे, ट्रे नको." मी म्हणले, "दोन्ही एकदम कसं होणार?" म्हणले, "तेच करून राह्यलोय."

ते तेच करून राह्यले होते. बी ओलं निघालं की काकांनी एक बटण दाबायचं. कोणाचं आहे ते काकांना दिसणार न्हाई, पण ज्याचं आहे त्याच्या मोबाईलवर निरोप जाणार, तोच, काकांच्याच बोलण्यात, दोन ऊन दाखवा अन् परत आणा. अर्धं झालं होतं. त्या सकाळी ते हेच करायला लवकर आल्ते.

अन् आता मी जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगू नको असं मला ऑफिसातल्या दोघा-तिघांनी बजावलंय. दादांना जाऊन तीन दिवससुद्धा झाले नव्हते अन् मला निरोप आला. हंगाम सुरू होतोय, लॅबच्या फॉर्मवर नाव परत आणा. कारण काय, तर शेतकऱ्याशी आपलेपणा राह्यला न्हाई. कारण काय, तर खुद्द मिलिंदच्या वडिलांचं नुकसान झालं. साहेब, तुम्ही समोर बसलात. तुम्ही वाईट मनानं म्हणला न्हाईत, मला माहीत आहे. पण ज्याला ते कारण खरंच लागू होतं, त्याला कोणी विचारलं का?

मला दोन रात्री झोप लागली न्हाई. पासवर्ड माझ्याकडं आहे. नाव उघडायला पाच मिनिटंसुद्धा लागत न्हाईत. अन् खोटं का बोलू, मला ते पटतही होतं. मी अंबड तालुक्यातली, शेतकऱ्याची पोर. माझ्या बापाचा ट्रे उजवीकडं असायचा. तो फोन किती मोलाचा असतो मला माहीत आहे. मेलेल्या माणसाचा हट्ट म्हणून जित्या माणसांचा माल पडू द्यायचा का? अन् दादांचं काम माझ्याच हातानं पुसायचं का? कोणाला विचारू? ज्याला विचारायचं तोच तर गेला.

म्हणून आज सकाळी मी आप्पांना विचारलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांनाच. म्हणले, "आप्पा, नाव उघडू का? तुम्ही म्हणाल तसं."

आप्पांनी मला बाजूला बसवलं. मंग म्हणले, "पोरी, म्या कितीक वर्षं बी पिकवलं. पास झालं, पडलं, समदं बघितलं. दर बारीला पडलं की घरी येऊन हाच इचार, बी खराब व्हतं का म्या? बायकोला इचारायचो. रातभर कुस बदलायचो. औंदा पडलं तवा लई राग आला. पर घरी गेलो अन् झोपलो. बी ओलं व्हतं. ओलं व्हतं म्हणून पडलं. मला पहिल्यांदा ठावं व्हतं कशानं पडलं ते."

मंग म्हणले, "उघडू नको."

मी विचारलं, "आप्पा, हे दादांना सांगितलं होतं का?"

आप्पा म्हणले, "पोराशी असं बोलता येतं व्हय? पुढल्या बारीला आला असता तर सांगणार व्हतो."

साहेब, तुमच्या निरोपाचं उत्तर मी इथंच देते. बटणाचं अर्धं राह्यलेलं काम हंगामाच्या आत मी पूर्ण करते. मुकुंदकाका माझ्या बाजूला बसणार आहेत, निरोपाचे शब्द तेच सांगणार आहेत. पण नाव माझ्या हातानं उघडणार न्हाई. दुसऱ्या कोणाच्या हातानं उघडायचं असेल तर कंपनी तुमची आहे, माझा पासवर्ड बदलून घ्या. पण आधी आप्पांच्या समोर बसा अन् त्यांना सांगा की हे आम्ही तुमच्यासाठी करून राह्यलो.

माझं बोलणं संपलं. दादा, तुमचं काम कोणाला दिसत नव्हतं, अन् तुम्हाला ते तसंच पाहिजे होतं. तुम्हाला माझं अभिवादन.

आता सगळ्यांनी जागेवर उभं राहावं. आप्पा, तुम्ही बसूनच राहा. जे बापाला पोराशी बोलायचं राह्यलं, ते त्यांना मनातल्या मनात बोलता यावं, एवढा वेळ आपण सगळे गप्प राहू.