न्हाणीसारखा डोंगा

रामधन : पाणी जाऊन नाई राह्यलं, देवानंद. माह्या घोट्याले लागलं.

देवानंद : जाईन, बाबा. थोडा दम धरा.

रामधन : दम धरूनच बसलो. तिकडं काठावर लालसिंग उभा हाये. त्याले म्या कालच सांगतलं, आमच्या पोरानं असा डोंगा बांधला का लाट आत आली तरी पाणी आपल्या पायानं बाहेर जाते. तीन लाटा आल्या. पाणी काही उठून जाऊन नाई राह्यलं.

गोमतीबाई : मी उपसू का? डबा आणला म्या.

देवानंद : नको, माय. तूच उपसलं तर या डोंग्याचा उपेग काय?

गोमतीबाई : अठरा सालं तुह्या बापाच्या मांगं बसून उपसलं. तवा कोणी उपेग इचारला नाई.

रामधन : ते खरं हाये. वारा सुटला का मी वल्हं मारू आन हे डबा. हिच्या डब्यावरच जित्ता हावो मी. बरं देवानंद, एकडाव परत सांग, हे पाणी जाणार कसं होतं?

देवानंद : आपल्या न्हाणीसारखं. न्हाणीची फरशी गल्लीपेक्षा उंच हाये ना? मून पाणी मोरीतून बाहेर जाते, गल्लीतलं आत येत नाई. तसंच हे. आपुन बसलो त्या फळ्या म्हणजे डेक. त्याच्या खाली पोकळी हाये, समद्या बाजूनं बंद, आत नुसती हवा. त्यानं डेक तळ्याच्या पाण्यापेक्षा चार बोटं वर राह्यते. मांगच्या अंगाले उतार देला, उताराच्या शेवटी दोन भोकं ठेवले. पाणी उतारानं मांगं जाते आन भोकातून तळ्यात पडते. कोकणातले लहान मच्छीवाले डोंगे आमी असेच बांधत होतो.

रामधन : तिथं जमते, मंग इथंच काहून नाई? आपलं पाणी गोडं हाये मून?

देवानंद : थट्टा नका करू, बाबा.

रामधन : थट्टा कायची? आपलं ठरेल हाये. डोंगा चालला तर तू तांड्यातच राह्यशीन, मच्छीमार सोसायटीच्या लोकायले असेच डोंगे बांधून देशीन. नाई चालला तर दिवाळी झाली का तू परत कोकणात.

देवानंद : मले याद हाये.

गोमतीबाई : असं एका दिवसात ठरवते का कोणी? पुढच्या हप्त्यात आखीन एकडाव पाहू.

रामधन : आता हे वकिली करून राह्यली. परवा कोण म्हणे, भोकं पाडेल डोंग्यात मी पाय नाई ठेवत?

गोमतीबाई : ठेवला ना. बसली ना मी.

देवानंद : उतार बरोबर हाये. पाहा ना, पाणी मांगं जाऊनच जमलं. म्हणजे भोकापर्यंत येते आन तिथं अडते. माय, तुह्या मांगचं जाळं उचल बरं.

गोमतीबाई : जाळं राहू दे.

देवानंद : काहून?

गोमतीबाई : भिजलं. जड झालं.

रामधन : जाळं हाये, गोमती. ते भिजतेच.

गोमतीबाई : म्या बुजवले.

देवानंद : काय?

गोमतीबाई : ते भोकं. सकाळी तुमी दोघं चहा पेत होते तवा. जुन्या लुगड्याचा धडपा फाडला, पिळून दोन्हीत ठासला, वरून थोडं डांबर लावलं.

रामधन : आन वरून जाळं झाकलं. वा.

गोमतीबाई : हासू नका. पोरगं तळ्यात जाऊन राह्यलं आन त्याच्या डोंग्याले दोन भोकं. कोन्ती माय पाहात बसन?

देवानंद : मले सांगतलं काहून नाई? कामरगाववरून जीपच्या टपावर फळ्या आणल्या म्या. तीन महिने घासलो.

गोमतीबाई : मून तर नाई सांगतलं. तू इतक्या हौसेनं बांधून राह्यला, तुह्या तोंडावर कशी म्हणू का भरोसा नाई मून? आता सांगते. डोंगा वाईट नाई. माह्या धडप्यापाई तू परत गेला तर मले अन्न गोड लागणार नाई.

रामधन : मंग काढ तो धडपा.

गोमतीबाई : इथं? तळ्याच्या मधात?

देवानंद : जल्दी काढा लागते, माय. डेकवर पाणी साचलं का डोंगा जड होते, डेक खाली जाते. चार बोटाचे दोनच राह्यले.

गोमतीबाई : तू ये आन काढ.

देवानंद : मी मांगं आलो तर मांगची बाजू दबन. तळ्याचं पाणी आत येईन. तुह्या हाताजवळ हाये, तूच काढ.

(गोमतीबाई एका हातानं डोंग्याची कड घट्ट धरते, दुसऱ्या हातानं धडपा ओढते. डांबरानं तो चांगलाच धरलेला असतो. ठासताना तिनं काही कसर ठेवलेली नसते.)

गोमतीबाई : निघाला. पण देवा, पाणी आत येऊन राह्यलं.

देवानंद : तुह्या वजनानं. भोक सोड, पुढं सरक. बाबा, तुमीही पुढं या.

गोमतीबाई : उघडं टाकून?

देवानंद : उघडंच टाकून. माय, माह्याकडं पाह्य आन सरक.

गोमतीबाई : सरकली. आता काय व्हते ते होऊ दे.

रामधन : थांब, थांब. वळलं पाणी. आयक, मोरीसारखं घुडघुड करून राह्यलं.

गोमतीबाई : एकाच भोकातून जाऊन राह्यलं ते.

देवानंद : दुसऱ्यात तुहा धडपा हाये ना.

गोमतीबाई : सरका तुमी पुढं. मी जाऊन काढून येते.

रामधन : पाह्य आता हिची हिंमत. दुसराही ओढून काढला. अय लालसिंग, दिसते का? गेलं पाणी, आपल्या पायानं गेलं!

देवानंद : डेक कोरडा पडला, बाबा.

रामधन : पडला. तुही कोकणातली थैली माळ्यावर टाक आता. आन तू खुश नाई का, देवानंदची माय? पोरगं राह्यलं ना इथं.

गोमतीबाई : त्याचाच आनंद हाये. पण मी आता कायले येऊ तळ्यावर? माहं काम तर डोंगाच करून राह्यला.

रामधन : वल्हं घे. माहा खांदा आता भरून येते. अठरा सालं माही पाठ पाह्यली, आता पुढं बस, तळं पाह्य.

गोमतीबाई : मले कुठं येते वल्हवता?

रामधन : नाई येत. शिकवतो.

देवानंद : आन हा डबा? घरी ठेवू नेऊन?

गोमतीबाई : आण इकडं. घासून घेते. उद्यापासून त्यात भाकरी आणीन, तिघायची.