नानांच्या कम्प्युटरची तारीख

तुम्ही म्हणता, सॉफ्टवेअरवाल्यांचं काय, एसीत बसून पगार. मग हे ऐका.

थळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी बुकिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. माझ्या लॅपटॉपवर झकास चालायचं, पण कारखान्याच्या कम्प्युटरवर सर्व्हरशी जोडणीच होईना. एकच रड, सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, चालणार नाही. बाहेर होड्या बर्फासाठी खोळंबलेल्या, खलाशी माझा उद्धार करतायत. मी अँटिव्हायरस काढला, राउटर बदलला, स्वतःच्याच कोडला शिव्या घातल्या. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. तारीख दोन वर्षं जुनी!

ती बदलायला गेलो, तर मालक नाना ओरडले, "हात लावू नको! मुद्दाम मागं ठेवलीय. बिलाचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट हाय. महिना संपत आला की तारीख मागं घ्यायची."

"आणि बिलावरची तारीख?"

"ती पेनानं खोडतो."

मी कपाळावर हात मारला. "नाना, सर्व्हरचं सर्टिफिकेट यंदाचं आहे. तुमच्या कम्प्युटरच्या हिशोबानं ते अजून जन्मलेलंच नाही. म्हणून तो सर्व्हरला दारात उभं करत नाही."

नानांनी जरा विचार केला. "मग तुझ्या सर्व्हरची तारीख मागं घे ना."

"अहो, त्यावर बाकीची गिऱ्हाइकं आहेत! असं नाही करता येत."

नाना खलाशांकडे वळले. "बघा रे. एवढा शिकलाय, पण ॲडजस्ट करायची तयारी न्हाय!"