पाठराखीण म्हणून दिलेली माय

रझाकारांची गडबड थांबली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. अक्षय तृतीयेच्या आधीचा गुरुवार होता. माझ्या आज्याच्या कर्जाचे दीडशे रुपये, निजामाच्या हाली सिक्क्याचे, त्या दिवशी माफ झाले, आणि तिथं हजर होते देशमुख, त्यांचे दिवाणजी, गावचा पटवारी आणि माझा आजा. माझी माय पण तिथंच उभी होती, पण तिले हजर धरता येत नाई, ताई, कारण ती द्यायच्या वस्तूंत होती. नऊ वर्षांची पोर. मी किराण्याचा धंदा करणारा माणूस आहे, ऐकीव गोष्ट दोन ठिकाणी विचारल्याशिवाय बोलत नाई. ही मी पटवाऱ्याच्या पोराले विचारली, मायच्या चुलत बहिणीले विचारली, तवा तुमाले सांगून राह्यलो.

आजा, म्हणजे मायचा बाप, नेरडीगोंड्याकडचा, देशमुखाच्या घरी सालगडी. लग्नासाठी दीडशे घेतले होते, ते कामातून फिटत नव्हते, फिटू देतही नव्हते. मग देशमुखाच्या पोरीचं लग्न निघालं, इकडं भीमपुराकडं, आमच्या या गावच्या गढीत. तेव्हाच्या मोठ्या घरांची रीत अशी की पोरीसोबत गाई द्यायच्या, भांडी द्यायची, आणि एक गडीमाणसाची पोरगी द्यायची, जन्मभराची. तेलुगू लोक तिले आडबाप म्हणत. आपल्या लोकांनी तिले पाठराखीण म्हटलं. आता पाठराखीण म्हणजे काय, तुमाले माहीत आहे, नवरीची लहान बहीण-बिहीण तिच्यासंगं सासरी जाते, तिले नवं घर परकं वाटू नये म्हणून, अन् दोन-चार दिवसांनी परत येते. चांगली रीत आहे. त्या चांगल्या रितीचं नाव त्यांनी या कामाले लावलं.

माय गढीत बाईसाहेबांच्या, म्हणजे देशमुखाच्या त्या पोरीच्या, पायाशी झोपे. पाय दाबणं, न्हाऊ घालणं, पोरं झाली की पोरं सांभाळणं. गढीत पाव्हणे येत, त्यांचीही चाकरी तिच्याकडंच. त्याच्या पुढचं मायनं कधी सांगितलं नाई, आणि मी तिचा पोरगा, मी कसा विचारू? पुढं बाईसाहेबांनीच तिचं लग्न गढीच्या गड्याशी लावून दिलं, तो माझा बाप. म्हणजे दोघंही तिथंच राह्यले, मीही तिथंच जन्मलो, गोठ्यामागच्या खोलीत. वेठबिगारी बंदीचा कायदा आला, तो आमाले कोणी वाचून दाखवला नाई. गढीवाल्यांनी जमिनी विकल्या, हैदराबादले गेले, आणि आमाले सोडून गेले. लोक म्हणतात तुमी सुटले. आमाले कोणी सोडवलं नाई, ताई, न्यायचं सामान जास्त झालं म्हणून आमी राह्यलो.

बाप त्याच्या पुढच्या वर्षी गेला. मी आधी डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकली, मग दुकान टाकलं, घर बांधलं. पण माय काय बदलली नाई. आजही दुकानात कोणी इस्त्रीच्या कपड्यातला आला की ती बाजेवरून उठून उभी राहते. माझी बायको म्हणते, आत्याबाई, तो शेंगदाणे घ्यायले आला आहे, तुमी बसा. बसत नाई. जेवण सगळ्यांचं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, उभ्या-उभ्या. मी एकदा रागावलो, म्हटलं माय, आता कोण पाहून राह्यलं तुले? ती म्हणे, बापू, पाठीले सवय आहे, ती काय तुझं ऐकते काय.

आता खरं सांगायचं ते सांगतो. मागच्या वैशाखात माझ्या मोठीचं, रेणुकाचं लग्न झालं. पोरगा बेल्लमपल्लीले खाणीत नोकरीले, क्वार्टर आहे, माणसं आपल्यातलीच, चांगली. लग्न दारातच केलं. जेवणं झाली, रडारड झाली, नवरी गाडीत बसली. विहीणबाई म्हणाल्या, पाठराखीण कोण येते? माझी बायको म्हणाली, आमची धाकटी, शीतल. दहा वर्षांची, नवा फ्रॉक घालून सकाळपासून नाचून राह्यली होती, गाडीत खिडकी माझी म्हणून.

तर मायनं तिचा हात धरला. आमाले वाटलं आजी आहे, जवळ घेऊन राह्यली. मग शीतल ओरडली, आजी, दुखते. मी गेलो, म्हटलं माय, सोड, गाडी थांबली आहे. सोडेना. नखं रुतली होती पोरीच्या मनगटात. नवरदेवाचा मामा गाडीतून म्हणतो, काय हो, नवरी देता अन् पाठराखीण ठेवून घेता, आमचं घर काय वाघाची जाळी आहे काय? बाया हसल्या. बायको मायजवळ बसली, आत्याबाई, तीन दिवसांनी येते ती. मी या घरी आली तवा माझी बहीण नाई आलती? गेली ना परत? माय म्हणे, तिचा भाऊ आलता न्यायले, मी त्याले पाह्यलं.

आणि मग तिनं माझ्याकडं पाह्यलं. म्हणे, किती घेतले तू?

काय सांगू तुमाले. मांडवात दोनशे माणूस. मी म्हटलं, माय, मी कायचे घेऊ? ती म्हणे, तुझ्या आज्यालेबी विचारलं होतं मी. तोबी असाच म्हणाला.

कोणी हसलं नाई मग. गाडीतून रेणुका खाली उतरून राह्यली होती, म्हणे, नका पाठवू तिले, मी एकटी जाते. नवरी एकदा बसलेली उतरते हे चांगलं नसते म्हणून बाया तिले दाबून बसवून राह्यल्या. तेवढ्यात मायच म्हणाली, मी जाते. पोरगी जाईन तर मी संगं जाईन, आणि मीच तिले घेऊन येईन. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, ताई, अन् चार तासांचा रस्ता. मामा म्हणाला, वा, पाठराखणीले पाठराखीण. पण व्याही भला माणूस. खाली उतरला, म्हणे, या आजी, तुमी पुढं बसा, पुढं हिसके कमी बसतात.

ते तीन दिवस मी दुकानात बसून होतो, पण वजनं चुकवत होतो. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो, तरी बेल्लमपल्लीले दुपार झाली. विहीणबाई दारातच भेटल्या. म्हणे, भाऊ, आजी पहाटेपासून फाटकापाशी बसल्या आहेत, च्या घेतला नाई. पाह्यलं तर पोरीची वेणी घातलेली, गाठोडं मांडीवर, अन् पोरीचा हात हातात. मले पाहून माय म्हणे, आला तू? मी म्हटलं, आलो, येणारच होतो ना. ती म्हणे, मीबी गढीच्या फाटकात अशीच बसली होती तिसऱ्या दिवशी, परकर गुंडाळून. बाईसाहेब म्हणाल्या, कुठं निघाली गं? बस, एवढंच बोलली. पंच्याहत्तर वर्षांनी त्या दिवसाचं हे पहिलं वाक्य माझ्या कानावर आलं.

मी तिथंच बसलो तिच्याजवळ, मातीत.

जेवणं झाली. निघताना रितीप्रमाणं विहीणबाईंनी शीतलले कुंकू लावलं, मायले लुगडं दिलं. मायनं ते घेतलं, पण घडी उलगडून पाह्यली नाई. मग पाठराखणीचा मान म्हणून पैसे काढले, आणि पोरगी लहान म्हणून माझ्या हातात द्यायले लागल्या. मी हात पुढं केला, कोणताही बाप करेल तसा.

मायनं माझा हात खाली दाबला. म्हणे, विहीणबाई, बापाच्या हातात नका देऊ. जी गेली होती तिच्या हातात द्या.

दोनशे एक रुपये. शीतलच्या ओंजळीत दिले.