चार पट्ट्या न लावता दिलेल्या गाडीबाबत जबाब

जबाब देणार : मिस्त्री म्हणून ओळखला जाणारा, वय ५३ वर्षे, धंदा : गाड्यांच्या आत खण, कपाटे, फ्रिज व जादा बॅटरी बसवून देणे, राहणार : वजनकाट्यामागची गल्ली, वर्कशॉपच्या वरची खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही. या महिन्याच्या नऊ तारखेस उतारावरच्या वळणावर झालेल्या अपघातात गुरांच्या डॉक्टरबाई मयत झाल्या. त्याबद्दल त्यांचे पती, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, यांच्यावर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा नोंद आहे. त्या गाडीतील काम मी केले होते. त्याबाबत माझ्याकडे जी माहिती आहे ती पोलिसांकडे नाही, म्हणून आलो.

मी व माझा धाकटा भाऊ मिळून अकरा वर्षांपासून हा धंदा करतो. त्याआधी मी घरातली कपाटे करत असे. रानावनात, दगडधोंड्यांतून जाणाऱ्या उंच फोर-बाय-फोर गाड्यांची मागची सीट काढून तिथे खणांचा सांगाडा बसवणे आणि त्यावर छोटा फ्रिज बसवणे हे आमचे मुख्य काम. घरातले कपाट पडले तर पाय चेचतो, गाडीतले कपाट सुटले तर माणूस जातो, हे वाक्य मी नव्या गिऱ्हाइकाला नेहमी ऐकवत असे.

डॉक्टरबाई मागील महिन्याच्या दोन तारखेस सकाळी दहाच्या सुमारास प्रथम वर्कशॉपवर आल्या. सोबत मास्तर होते. मास्तर भूमिती शिकवायचे, निवृत्त झाल्यापासून तेच बाईंची गाडी चालवतात. बाईंचे काम डोंगरावरच्या वस्त्यांवर जाऊन मेंढ्यांना आणि कुत्र्यांना लस टोचण्याचे. लस थंड राहिली नाही तर तिचे पाणी होते, असे त्यांनी मला समजावले. आधी त्या बर्फाची पेटी नेत असत. मागील वर्षी बर्फ वितळला आणि तीनशे डोस ओतून द्यावे लागले.

बाई म्हणाल्या, "ओतताना मी मोजले नाहीत, मिस्त्री. मेंढपाळ मोजत होते."

पंचेचाळीस लिटरचा फ्रिज त्यांनी आणलेलाच होता. खाली दोन लांब खण, एक औषधे-सुयांचा, एक त्यांच्या सामानाचा. वर सरकत्या तबकावर फ्रिज, मागचे दार उघडले की बाहेर ओढता येईल असा. मास्तर स्वतः पट्टी घेऊन गाडीत शिरले आणि मापे सांगू लागले. बाई म्हणाल्या, "अहो, निवृत्त झालात ना? त्यांचं काम त्यांना करू द्या." मास्तर म्हणाले, "घरातला फ्रिज उघडायची मला मुभा नाही, इथला निदान मोजू तरी दे." त्यावर बाईंनी लगेच बजावले की या फ्रिजमध्ये डबा ठेवलेला चालणार नाही. मास्तरांचे माप माझ्या मापाशी जुळले. एका सुताचाही फरक नव्हता.

काम नऊ ते बारा तारखेदरम्यान केले. सांगाडा अठरा मिलिमीटर प्लायचा, आतून काळा जाड कपडा. जादा बॅटरी, जाड वायर, फ्यूज, सर्व व्यवस्थित आहे. त्यात आजही कोणी खोट काढू शकणार नाही. सांगाडा पुढच्या सीटच्या पाठीला जवळजवळ टेकून येत होता. तो गाडीच्या तळाला चार बोल्टने आवळला. तळाचा पत्रा पातळ असतो. म्हणून बोल्टच्या खाली, गाडीच्या पोटाखालून, प्रत्येकी एक वीतभर लोखंडी पट्टी लावतात. धक्का बसला तर ओढ पट्टीवर पसरते. पट्टी नसेल तर बोल्टखालची वायसर, म्हणजे रुपयाएवढी चकती, पत्रा फाडून वर येते. हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे.

बारा तारखेस पट्ट्या आल्या नव्हत्या. कापून देणाऱ्याची मशीन दोन दिवस बंद होती. बाई दुपारी चार वाजता गाडी न्यायला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लस निघणार होती. मी नुसत्या वायसर घालून बोल्ट आवळले आणि त्यांना सांगितले, "खालच्या पट्ट्या यायच्यात. आठवड्याभराने या, तासाभरात लावून देतो."

त्यांनी विचारले, "तोवर चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल."

सांगाडा, फ्रिज आणि भरलेले खण मिळून वजन सव्वाशे किलोच्या आसपास जाते. हे त्यांना मी सांगितले नाही. गाडी आणखी एक दिवस ठेवा, असेही म्हणालो नाही. भाऊ त्या वेळी बाहेर होता. त्याचा या निर्णयाशी संबंध नाही.

पट्ट्या सोळा तारखेस आल्या. मी त्या स्वतः घासून त्यांना काळा रंग दिला आणि बाकाखाली ठेवल्या. बाईंना फोन केला नाही. येतीलच, असे धरून चाललो.

त्या सव्वीस तारखेस आल्या, पण पट्ट्यांसाठी नव्हे. इंजिन बंद केले की वस्तीवर तासाभरात फ्रिज बंद पडत होता. बॅटरी किती उतरली की फ्रिजने थांबायचे, याचे एक बटण असते. ते चुकीच्या ठिकाणी होते. मी दहा मिनिटांत नीट करून दिले. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "एवढंसं बटण आणि मी रात्रभर उठून उठून बघत होते, बाळंतिणीसारखी."

त्या वेळी लिफ्टवर दुसरी गाडी होती आणि तिचा मालक समोर उभा राहून घाई करत होता. पट्ट्या लावायच्या तर ती गाडी उतरवून बाईंची चढवावी लागली असती. बाईंनी गाडीत बसताना विचारले, "आणखी काही राहिलंय का?"

मी म्हणालो, "नाही. या आता."

मला त्या वेळी पट्ट्यांची आठवण होती. त्या कुठे ठेवल्या आहेत ते मला जागेवरून दिसत होते. नंतर बोलावू, असे मनात म्हटले. नंतर बोलावले नाही.

या महिन्याच्या नऊ तारखेस दुपारी बाराच्या सुमारास शेजारच्या टायरवाल्याने बातमी सांगितली. वळणावर बकरी आडवी आली, मास्तरांनी गाडी बाजूला घेतली आणि ती कडेच्या दगडी कठड्याला भिडली. मास्तरांना मुका मार. बाई शेजारच्या सीटवर होत्या, जागीच गेल्या. बाईंची मदतनीस मागून दुसऱ्या गाडीतून येत होती. तिने फ्रिज उघडून पाहिला तेव्हा लस थंडच होती, असे टायरवाला म्हणाला. ती लस दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे टोचण्यात आली.

मी अंत्यविधीला गेलो होतो. मागे उभा होतो.

तेरा तारखेस सकाळी मास्तर वर्कशॉपवर आले. गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे आणि बाईंच्या सामानाचा खण अडकला आहे, उघडत नाही, असे म्हणाले. आत त्यांचा वाचायचा चष्मा आणि वही होती. "हवालदारांना विचारलंय. ते हो म्हणालेत. फोडायचा नाही हो, नुसता उघडून द्या," असे म्हणाले. मी चौदा तारखेस सकाळी साडेदहाला हत्यारे घेऊन त्यांच्याबरोबर आवारात गेलो. त्या वेळी हजर असलेल्या हवालदारांनी मला पाहिले आहे.

गाडीची पुढची बाजू मी पाहिली. बंपर आणि दिवा फुटला होता, बॉनेट वाकले होते. काच तडकली होती, पण जागेवर होती. पुढे बसणाऱ्याचे पाय जिथे असतात ती जागा जशीच्या तशी होती. मास्तरांच्या बाजूची सीट सरळ होती. बाईंच्या सीटची पाठ पुढे वाकली होती. सांगाडा तिरका होऊन बाईंच्या बाजूने दोन विती पुढे आला होता आणि फ्रिजची कड सीटच्या वरच्या भागाशी होती. बाकी जे होते ते पंचनाम्यात लिहिले असेल.

मी गाडीखाली गेलो. मास्तरांना सांगितले, खणाची खीळ खालून बघतो. तळाच्या पत्र्याला चार भोके पडली होती, प्रत्येक भोक मुठीएवढे, कडा वर वळलेल्या. चारही वायसर वाटीसारख्या वाकून वर गेल्या होत्या. मी किती वेळ खाली होतो ते मला सांगता येत नाही. मास्तरांनी वरून हाक मारली, "मिस्त्री, सापडली का?" मी हो म्हणालो.

बाहेर येऊन खीळ सरळ केली आणि खण उघडून दिला. चष्मा शाबूत होता. वही, टॉवेल, सुई-दोऱ्याचा डबा, पायमोज्यांचे दोन जोड होते. मास्तरांनी सगळे एकेक करून पिशवीत भरले. मग रिकामा खण आत ढकलला, पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. म्हणाले, "एवढं सगळं झालं, पण बघा, लोण्यासारखा सरकतोय. काम पक्कं तुमचं."

मी हत्यारे गोळा केली.

मास्तर पुढे म्हणाले, "साहेब म्हणतात वेग होता. मला पस्तीसच्या आसपास वाटतो. पण आता मला काय वाटतं, त्याला काय अर्थ? ती म्हणालीसुद्धा, अहो, हळू. मी ब्रेक उशिरा दाबला. कोर्टात विचारलं की मी हो म्हणणार आहे."

मी त्यांना घरापर्यंत सोडले. वाटेत मी काही सांगितले नाही.

पाच दिवस उशीर का केला, असे विचारल्यावरून सांगतो की, पहिले दोन दिवस मी काहीच केले नाही. दुकान उघडत होतो आणि बंद करत होतो. सोळा तारखेस भावाला सांगितले. भाऊ म्हणाला, "दादा, तुला कोणी विचारलंय का? मास्तर स्वतः म्हणतायत चूक त्यांची. बाई परत येणार आहेत का? तू तोंड उघडलंस तर उद्या दारात कुत्रंसुद्धा उभं राहणार नाही." मी त्याला विचारले, पट्टीशिवाय आणखी किती गाड्या दिल्या आहेत? मग त्यानेच कामांची वही काढली. तीन निघाल्या. तिघांनाही फोन करून बोलावले. दोन गाड्यांना काल संध्याकाळपर्यंत पट्ट्या लागल्या. तिसऱ्याचा फोन लागत नाही. तो लांबच्या प्रवासाला निघाला आहे, असे त्याच्या शेजाऱ्याने सांगितले. त्याचा गाडी नंबर आणि पत्ता मी सोबत दिला आहे. त्याला वाटेत अडवता आले तर अडवावे, अशी माझी विनंती आहे. त्या गाडीत सांगाडा मागच्या सीटच्या पाठीमागे आहे आणि त्या सीटवर मुले बसतात.

डॉक्टरबाईंच्या गाडीसाठी केलेल्या चार पट्ट्या मी आज ठाण्यात जमा केल्या आहेत. त्यांवर चिखल किंवा गंज नाही. त्या कधीही कुठल्या गाडीला लागलेल्या नाहीत, हे बघणाऱ्याला कळेल.

आज एकोणीस तारखेस सकाळी आठ वाजता, इथे येण्यापूर्वी, मी मास्तरांच्या घरी गेलो होतो. त्यांनी दार उघडले आणि बसायला सांगितले. मी उभा राहूनच सांगितले. पट्ट्या काय असतात, का लावतात, बारा तारखेस काय झाले, सव्वीस तारखेस काय झाले, सर्व सांगितले. पट्ट्या असत्या तर सांगाडा बहुधा जागेवर राहिला असता, हेही सांगितले. मास्तर ऐकत होते. मधेच त्यांनी कागद ओढला आणि विचारले, "बोल्टांमधलं अंतर किती?" मी सांगितले. त्यांनी चौकोन काढला, त्यावर वजन लिहिले, बाण काढला. पेन्सिल तिथेच थांबली.

मग म्हणाले, "सव्वीसला मी गाडीतच बसलो होतो. ती तुम्हाला विचारत होती ते मी ऐकलंय."

मी म्हणालो, "मास्तर, तुमच्यावरचा गुन्हा मी काढायला लावतो. आजच ठाण्यात जातो."

ते उठले. मारतील असे वाटले. मारले असते तर मी हात वर केला नसता. पण त्यांनी दार उघडले. म्हणाले, "जा. पण माझा वेग कमी करून सांगू नका. ती हळू म्हणाली होती आणि मी ऐकलं नाही. माझं माझ्याकडे राहू द्या, मिस्त्री. तुमचं तेवढं तुम्ही घेऊन जा."

म्हणून वेगाबद्दल मी काही सांगत नाही. मी तिथे नव्हतो.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. हा जबाब संगणकावर लिहून झाल्यावर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. दुसऱ्या पानावर लिहिणाऱ्या साहेबांनी, माझ्या भल्यासाठीच, "पट्ट्या लावणे नजरचुकीने राहून गेले" असे घातले होते. ते माझ्या सांगण्यावरून काढून टाकून, मी सांगितले तसे, "मला त्या वेळी पट्ट्यांची आठवण होती" असे करण्यात आले. आता हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. खाली सही केली आहे.