तपकिरीचे चार हात

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या एका मास्तरांच्या शेजारी भाची आत्याचं चित्र मार्करने रंगवत होती.

"तपकिरी ठेव खाली. चेहऱ्याला तो फिका गुलाबी घे."

"आत्या, तू तशी नाहीस."

"चित्रात तरी होऊ दे की!"

"बरं. केस आधी निळे, वर काळे, मधे कागद कोरा."

"कोरा? म्हणजे पांढरे केस?"

"चमक गं ती!"

"मग असू दे. बघू… अगंबाई! ही तर हुबेहूब आमची गोरीपान थोरली जाऊ! मेली, माझ्या चित्रातही घुसली! पूस."

"हा रंग पुसत नाही. वर तपकिरी चढवता येईल. तीन हात."

"चार दे!"

मास्तर गाल विसरून चित्रात डोकावले.

"आत्या, आपला नंबर आला."

"दात कुठे पळून जातायत? आधी हिला घालव."